स्वमग्न मूल आणि पहिली पाच वर्षे : उपचारांच्या निवडीचा इतिहास



मागच्या वेळचं व्याख्यान संपल्यावर एक गृहस्थ आमच्याजवळ येऊन उभे राहिले. गर्दी कमी होईपर्यंत थांबले. मुलगा तीन वर्षांचा. हाक मारली तर बघत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, पंख्याकडे तासन्‌तास पाहतो. घरातल्या मोठ्यांनी सांगितलं, थांबा, याचा बापही उशिराच बोलला होता. एका ओळखीच्या माणसानं सांगितलं, पुण्याला खोली घेऊन राहा, रोज थेरपी लागते. तिसऱ्यानं मोबाइलवर एक जाहिरात दाखवली, मूलपेशींचं इंजेक्शन, खर्च काही लाख. गृहस्थ म्हणाले, "अडीच एकर कोरडवाहू आहे. विकायची म्हटलं तर विकू. पण कशासाठी विकायची ते तरी कळू द्या."

आम्ही इतिहासाची माणसं. मूल तपासणं हे आमचं काम नाही, आणि आज आम्ही कुणाच्या मुलाबद्दल निदान सांगणार नाही. पण त्या गृहस्थांच्या हातात तीन सल्ले होते, आणि तिन्ही सल्ल्यांना इतिहास आहे. ते कुठून आले, कुणावर बेतले, त्यातून काय निष्पन्न झालं, एवढं आपण आज पाहू. जमीन विकायची की नाही हे ठरवायला त्याचा उपयोग होतो असं आम्हाला वाटतं.

सुरुवात शब्दापासून करू. 'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९१० च्या सुमारास वापरला, तो मोठ्या माणसांमधल्या स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात. 'ऑटोस' म्हणजे ग्रीकमध्ये 'स्वतः'. आपण मराठीत त्याचंच 'स्वमग्नता' केलं. शब्द गोड आहे, पण थोडा फसवा आहे. स्वमग्न म्हटलं की वाटतं, हे मूल मुद्दाम स्वतःत बुडालंय, जरा ओरडलं की बाहेर येईल. प्रत्यक्षात हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे आणि तो जन्मापासूनच असतो. आपल्याकडे तर कितीतरी वर्षं हा शब्दही नव्हता. 'मतिमंद', 'मुका', 'खुळा', एवढ्यावरच काम भागायचं. ज्याला नाव नाही त्याची नोंद नाही, आणि नोंद नाही त्याची सोय नाही.

मुलांमधल्या ऑटिझमचं वर्णन तुकड्या-तुकड्यांनी झालं. १९२५-२६ मध्ये मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी अशा मुलांबद्दल लिहिलं, पण ते फारसं कुणी वाचलं नाही. १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी ११ मुलांवरचा निबंध प्रसिद्ध केला. १९४४ साली व्हिएन्नाच्या हान्स आस्पेर्गर यांनी आपला. जगभर चालला तो कॅनर यांचा निबंध.

त्या ११ मुलांत पहिला होता डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावचा. जन्म १९३३. तीन वर्षांचा असताना डॉक्टरांच्या सल्ल्यावरून आईवडिलांनी त्याला एका संस्थेत ठेवलं. त्या काळात हाच उपचार होता. मूल संस्थेत ठेवायचं आणि विसरायचा प्रयत्न करायचा. साधारण वर्षभरानं आईवडील गेले आणि त्याला घरी घेऊन आले. वडिलांनी ३३ पानांचं टंकलिखित पत्र कॅनर यांना पाठवलं. आज ऑटिझमचं म्हणून जे वर्णन डॉक्टर करतात, त्यातलं बरंचसं या बापाच्या पत्रात आधीच होतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पहिलं निरीक्षण घरातून आलं होतं. डोनाल्डकडे आपण शेवटी परत येऊ.

कॅनर यांनी १९४३ मध्ये लिहिलं होतं की ही अडचण मुलात जन्मतःच असते. पण त्याच निबंधात त्यांनी पालकांच्या थंड, बुद्धिजीवी स्वभावाचाही उल्लेख केला. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत लोकांनी पहिलं वाक्य सोडलं आणि दुसरं धरलं. आई मायाळू नाही म्हणून मूल आत मिटलं, असा सिद्धांत तयार झाला. 'रेफ्रिजरेटर मदर' असा शब्दच रूढ झाला. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात हा सिद्धांत टोकाला नेला. त्यातून आलेला उपचार काय, तर मुलाला आईपासून दूर ठेवायचं. मानसिक उपचार करायचे, बहुधा आईवरच.

हे उलटवलं एका बापानं. बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकेच्या नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ. त्यांचा मुलगा स्वमग्न होता. त्यांनी मिळेल ते वाचून काढलं आणि १९६४ साली पुस्तक लिहून दाखवलं की आईला दोषी धरणारा पुरावाच नाही. १९६९ मध्ये कॅनर यांनी स्वतः पालकांच्या सभेत जाऊन, तुम्ही निर्दोष आहात, असं जाहीर सांगितलं. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टिन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास छापला. एकसारख्या जुळ्यांत दोघंही स्वमग्न असण्याचं प्रमाण बरंच जास्त निघालं, म्हणजे आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे दिसलं.

म्हणजे शास्त्रात हा खटला केव्हाच निकाली निघाला. पण बघा, आपल्या घरांत तो अजून चालूच आहे. फक्त आरोप बदलले. "गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही." "मोबाइल हातात दिला म्हणून असं झालं." "नोकरी करते, लेकराकडे लक्ष नाही." आरोपी तीच, लेकराची आई. पडदा कमी असावा हे खरंच, पण मोबाइलमुळे ऑटिझम होतो असं नाही. आणि ज्या घरात आईला दोष देण्यात वर्ष जातं, त्या घरात मुलाचं एक वर्ष वाया गेलेलं असतं. पहिल्या पाच वर्षांतलं वर्ष.

आता दुसऱ्या सल्ल्याकडे येऊ. पुण्याला खोली घ्या, रोज थेरपी करा. याचा उगम बऱ्याच अंशी लॉस एंजेलिसमध्ये आहे. तिथल्या विद्यापीठात इव्हार लोवास यांनी १९६० च्या दशकात स्वमग्न मुलांना शिकवायला सुरुवात केली. काम बारीक तुकड्यांत तोडायचं, जमलं की बक्षीस द्यायचं, पुन्हा पुन्हा करून घ्यायचं. यालाच पुढे उपयोजित वर्तन विश्लेषण, म्हणजे 'एबीए' म्हणू लागले. ज्या मुलांना आयुष्यभर संस्थेत ठेवायचं ठरवलं होतं, ती शिकू शकतात हे त्यांनी दाखवलं. हे श्रेय मान्य केलं पाहिजे. पण सुरुवातीच्या काळात तिथे ओरडणं होतं, थप्पड होती, विजेचे झटकेसुद्धा होते. ते लपवलेलं नव्हतं, १९६५ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकात फोटोंसकट छापून आलं होतं.

१९८७ मध्ये लोवास यांचा गाजलेला निबंध आला. १९ मुलं, आठवड्याला ४० तास, दोन वर्षं किंवा जास्त. त्यांतली ९ मुलं सर्वसाधारण शाळेत पहिली पार करून गेली आणि त्यांचा बुद्ध्यांकही सामान्य आला, असा दावा होता. हा आकडा जगभर फिरला. पण मुलं चिठ्ठी टाकून गटांत वाटलेली नव्हती, संख्या लहान होती, आणि शिक्षा त्याही अभ्यासात वापरल्या होत्या. पुढच्या अभ्यासांत एवढं यश पुन्हा दिसलं नाही. आणि ज्या मुलांवर असे प्रयोग झाले त्या पिढीतले स्वमग्न लोक मोठे होऊन बोलू लागले. त्यांतले अनेक म्हणाले, आम्हाला बाकीच्यांसारखं दिसायला शिकवलं, पण आम्हाला काय त्रास होतो ते कुणी विचारलं नाही. हात हलवू नको, डोळ्यात बघ, हे आमच्यासाठी होतं की पाहुण्यांसाठी? प्रश्न रास्त आहे.

जरा हिशेब करू. आठवड्याला ४० तास म्हणजे वर्षाला जवळजवळ २,००० तास. जिंतूर किंवा पालमच्या खेड्यातून परभणीला येणाऱ्या माणसानं हे कसं करायचं? मजुरी बुडवायची, दुसऱ्या लेकरांना कुणाकडे ठेवायचं? म्हणून कुटुंब तुटतं. आई आणि मूल पुण्यात, बाप आणि बाकीची गावात. काहींना ते परवडतं, काहींना त्याचा उपयोगही होतो. पण ४० हा आकडा देवानं दिलेला नाही. तो एका विद्यापीठातल्या एका प्रयोगाचा आकडा आहे.

त्याच काळात दुसरी एक वाट निघाली होती, तिची चर्चा कमी झाली. एरिक शॉप्लर हे बेटलहाइम यांच्याच शिकागोत शिकलेले, पण त्यांना आईला दोष देणं पटलं नाही. त्यांनी नॉर्थ कॅरोलायना राज्यात पालकांना सहशिक्षक म्हणून बरोबर घेतलं. १९७२ मध्ये तिथल्या राज्य सरकारनं 'टीच' नावाचा हा कार्यक्रम संपूर्ण राज्यासाठी स्वीकारला. चित्रांची दिनचर्या, ठरलेली जागा, ठरलेला क्रम, मुलाच्या स्वभावाला धरून केलेली मांडणी. दोष देण्यापासून सोबत घेण्यापर्यंतचा हा प्रवास आहे, आणि आपल्याला उपयोगी पडणारा धागा हाच आहे.

आता आपल्याकडे या. मुंबईत जय वकील शाळा १९४४ पासून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी चालते. त्या वेळी परभणी निजामाच्या राज्यात होती. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं तेव्हा मराठवाड्यात साध्या प्राथमिक शाळांचीच वानवा होती, विशेष शाळांचं काय घेऊन बसलात. हा अनुशेष आपण रस्ते आणि सिंचनात मोजतो. मुलांच्या विकासात तो मोजला जात नाही.

कायद्यात तर ऑटिझम दिसतच नव्हता. १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा आला, त्यात सात प्रकार होते, स्वमग्नता नव्हती. म्हणजे प्रमाणपत्र मागायला गेलं तर 'मतिमंद' लिहून घ्या, नाहीतर घरी जा. १९९१ पासून दिल्लीत मेरी बरुआ यांच्यासारखे पालक संघटित होत होते. त्या दबावातून १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझमचं नाव आलं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये प्रकार २१ झाले आणि त्यात स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान मिळालं. इथंही काम पालकांनीच रेटलं होतं.

आणि या दोन कायद्यांच्या मध्ये एक महत्त्वाची गोष्ट आपल्या महाराष्ट्रात झाली. ६ फेब्रुवारी २०१३ ला पालघर इथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, ३० प्रकारचे आजार आणि विकासातल्या अडचणी, आणि त्या यादीत ऑटिझम आहे. फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणं अपेक्षित आहे. पुढची पायरी म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. हे सगळं मोफत.

त्याच पालघर भागात, बोर्डीला, १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं होतं. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं त्याच्या अंगणात जायचं, हा त्यांचा आणि अनुताई वाघांचा विचार. 'अंगणवाडी' शब्द तिथला. १९७५ ला केंद्र सरकारनं एकात्मिक बाल विकास योजना आणली आणि तो शब्द देशभर गेला. आज तो ऐकला की आपल्याला खिचडी आणि वजनकाटा आठवतो, पण मूळ कल्पना शिक्षणाची होती. शिकवणारानं मुलाच्या अंगणात बसायचं.

हा विचार स्वमग्न मुलांना लागू पडेल का, याची तपासणी गोव्यात झाली. तिथल्या 'संगाथ' संस्थेनं आणि पाकिस्तानात रावळपिंडीच्या संशोधकांनी मिळून ६५ मुलांवर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलं दोन ते नऊ वर्षांची, गट चिठ्ठी टाकून केलेले. उपचार देणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. सहा महिने, दर पंधरा दिवसांनी एक भेट, एकूण बारा. पालक आणि मूल खेळतात त्याचं चित्रण करायचं, मग कार्यकर्त्यानं पालकासोबत बसून तेच पाहायचं. कुठे मुलानं काही सुचवलं आणि ते आपल्या लक्षात आलं, कुठे निसटलं. रोज घरी थोडा वेळ तसंच खेळायचं.

निष्पन्न काय झालं? पालक मुलाच्या कलानं प्रतिसाद देऊ लागले आणि मूल स्वतःहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. तिसरी एक बाब मोजली होती, दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर किती वेळ राहतं. ती मात्र वाढली नाही, उलट थोडी कमी झाली. हेही सांगितलं पाहिजे, कारण प्रामाणिक उपचार आपल्या मर्यादा सांगतो. कुणी 'बरं' झालं असा दावा त्या अभ्यासात नाही. पण ४० तासांच्या खोलीऐवजी पंधरा दिवसांची एक भेट आणि घरचं अंगण, एवढ्यावर काहीतरी खरं हललं.

आता तिसरा सल्ला, इंजेक्शन. यालाही पूर्वज आहेत. १९९८ मध्ये अमेरिकेत 'सिक्रेटिन' या पचनाशी संबंधित संप्रेरकाची लाट आली. एका मुलाला ते दिल्यावर तो बोलू लागला म्हणे, आणि हजारो पालक धावले. रीतसर चाचण्या झाल्या, तेव्हा खऱ्या औषधाचा आणि साध्या पाण्याच्या इंजेक्शनाचा परिणाम सारखाच निघाला. त्याच वर्षी लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड यांनी १२ मुलांवरून गोवराच्या लशीवर संशय घेतला. २०१० मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला, त्यांची डॉक्टरकीची नोंदणीही गेली. ऑटिझम काही त्यामुळे कमी झाला नाही, गोवर मात्र वाढला.

असं का होतं? तीन ते पाच या वयात मूल काहीही न करताही थोडं पुढे जातंच. त्याच काळात जे काही चालू असेल, इंजेक्शन, ताईत, पथ्य, श्रेय त्याला मिळतं. म्हणून तुलनेला दुसरा गट लागतो. मूलपेशींबाबत भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही आजारांपलीकडे त्यांचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीती मंडळानंही २०२२ मध्ये ऑटिझमसाठी मूलपेशी उपचाराची शिफारस करता येत नाही असं सांगितलं. तेव्हा कुणी लाखात बिल सांगत असेल, तर ते बिलच पुरावा समजा.

मग त्या गृहस्थांना आम्ही काय सांगितलं? एवढंच सांगितलं. थांबू नका. पहिल्यांदा कानाची तपासणी करून घ्या, कारण ऐकू न येणारं मूलही हाकेला वळत नाही. अंगणवाडी ताईंना सांगून बाल स्वास्थ्य पथकाकडे नाव द्या, जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. निदान झालं तर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढा, लाज धरू नका. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य संरक्षण आहे, त्यात थेरपीचा खर्चही येतो. सहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क कायद्यात आहे.

थेरपी देणाऱ्याला चार प्रश्न विचारा. मला सोबत बसू देता का? घरी काय करायचं ते शिकवता का? मूल रडलं तर काय करता? तीन महिन्यांनी काय बदललं पाहिजे, ते कागदावर लिहून देता का? दार बंद करून घेणारा, 'पूर्ण बरा करतो' म्हणणारा, आणि उलट प्रश्न विचारला की चिडणारा, या तिघांपासून लांब राहा.

आणखी एक. आपल्या जिल्ह्यात घरोघरी मराठी आहे, दखनी उर्दू आहे, बंजारा तांड्यांवर गोरमाटी आहे. अनेक पालकांना सांगितलं जातं, घरची भाषा सोडा, एकच भाषा बोला. दोन भाषांनी स्वमग्न मुलाचं नुकसान होतं असं संशोधनात दिसलेलं नाही. आजी गोरमाटीत बोलते तर बोलू द्या. ज्या भाषेत माया आहे तीच तुटली तर मग उरलं काय? आणि चित्रं दाखवून, खुणा करून मागायला शिकवलं तर मूल बोलायचंच थांबेल, ही भीतीही सोडा. मागता आलं की रडणं कमी होतं.

आता डोनाल्ड. १९४२ मध्ये आईवडिलांनी त्याला गावापासून काही मैलांवर एका शेतकरी जोडप्याकडे राहायला ठेवलं. १९४५ मध्ये कॅनर तिथे बघायला गेले. डोनाल्डला मोजण्याचा नाद होता. त्या शेतकऱ्यानं तो नाद मोडला नाही, कामाला लावला. विहीर खणायची आणि किती खोल गेली ते मोजून सांगायचं. मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजतो, तर नांगर धरून मोज. त्या माणसानं कुठलं शास्त्र वाचलेलं नव्हतं. पुढे डोनाल्ड महाविद्यालयात शिकला, घरच्या बँकेत नोकरी केली, गाडी चालवली, एकट्यानं जग फिरला. २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला. शेवटपर्यंत तो स्वमग्नच होता. 'बरा' वगैरे झाला नाही. गावानं त्याला आपला धरलं, त्यात घरच्या श्रीमंतीचाही वाटा होता, हे आपण विसरू नये. प्रत्येक मुलाची गोष्ट अशी होत नाही. काही मुलं कधीच बोलत नाहीत, त्यांना जन्मभर हात धरावा लागतो. त्यांनाही शेत, अंगण आणि गाव लागतंच.

ते गृहस्थ निघताना आम्ही विचारलं, घरी मुलाला आवडतं काय? थोडा वेळ विचार करून म्हणाले, "कापूस. वेचणीच्या दिवसांत ढिगात बसतो, बोंडातली सरकी एक-एक काढतो, ओळीनं लावतो." आम्ही म्हटलं, मग उद्या त्याच्या शेजारी बसा. तुम्हीही एक सरकी काढा आणि त्याच्या ओळीच्या टोकाला ठेवा. तो बघतो का ते पाहा. केंद्रात जाल तेव्हा तिथल्या ताईंना हेच सांगा.

जमिनीचं त्यांनी परत विचारलं नाही.

पंधरा मिनिटं आहेत, प्रश्न घेऊ.